ढोलीचा सौदा

फार पूर्वी एका जंगलात साळुंकी घरांचे सौदे जमवायची. म्हाताऱ्या सुतारपक्ष्याने आपली ढोली विकायला काढली, तेव्हा पोटुशी खार तिच्याकडे आली.

"माझा साठवलेला सगळा दाणा देते, पण ढोली मला मिळू दे."

साळुंकीला ती ढोली आपल्या बहिणीला स्वस्तात द्यायची होती. तिने निरोप पोचवलाच नाही. "मालक नको म्हणाले," असं तिने खारीला सांगितलं.

"मग ते त्यांच्याच तोंडून ऐकते," म्हणत खार झाडावर चढू लागली. साळुंकीने चोची मारल्या, तरी ती थांबली नाही.

सुतारपक्षी चकित झाला. "मला तर एकच गिऱ्हाईक सांगितलं होतं!"

"काका, तुमच्या भल्यासाठीच..." साळुंकी पुटपुटली.

"मग माझं भलं माझ्यापासून लपवलंस कशाला?"

ढोली खारीला मिळाली. तेव्हापासून जंगलात घर घेणारा आणि देणारा समोरासमोर बसू लागले. साळुंकीही बसायची, पण गप्प.