निववणीची मडकी

एका राज्यात राग ही फक्त पोरांची चीज होती. मोठ्यांना तिची बंदी होती. मूल सोळाव्या वर्षात आलं की त्याला न्हाऊमाखू घालून राजवाड्यात नेत. तिथे मांत्रिक कालदंड त्याला पाटावर बसवी, हाती कोरं मडकं देई आणि म्हणे, "फुंक." मूल फुंके, त्याचा सगळा राग मडक्यात उतरे, मडक्याचं तोंड लाखेनं बंद होई आणि मडकं तळघरात जाई. मग घरचे लोक साखर वाटत. या रीतीला निववण म्हणत. निवलेला माणूस पुन्हा आवाज चढवत नसे. राजा मेघकेतूने शेत घेतलं तरी तो हसे, पाठीवर आसूड ओढला तरी म्हणे, महाराज दमले असतील. आणि याला ते लोक शहाणपण म्हणत! आग लागो असल्या शहाणपणाला.

ही मडकी म्हाळोजी कुंभार घडवी. जाड काठाची, पक्क्या भाजणीची. आपल्या मडक्यातून आजवर काही झिरपलं नाही, असं तो अभिमानाने सांगे. त्याला दोन मुली. थोरली हेमला निवलेली, धाकटी सुवेळा अजून पोर.

राजाने जलक्रीडेसाठी तळं खणलं. तळ्याला पाणी लागेना. कालदंड म्हणाला, "तळं बळी मागतं." पौर्णिमेला हेमलेला तळ्याच्या भिंतीत चिणायचं ठरलं. हा निरोप घेऊन राजदूत घरी आला, तेव्हा आईने त्याला गूळपाणी दिलं. म्हाळोजीने आळीत साखर वाटली. हेमला हसतमुखाने वेणी घालत बसली.

सुवेळेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आई, ताईला मारणार आहेत ते!"

"राजाज्ञा आहे, बाळ."

"बाबा, तुम्ही तरी बोला!"

म्हाळोजीने चाकावरून मान वर केली नाही. "तुझी निववण त्याच दिवशी आहे. मोठी झालीस की कळेल."

सुवेळा दातओठ खात तळ्याकडे धावली आणि कोरड्या तळाशी बसून ढसाढसा रडली. तिथे एक टिटवी होती. टिटवी म्हणाली, "रडू नकोस. माझी अंडी याच खड्ड्यात गेली. मीही चिडलेली आहे."

"मग उपाय सांग."

"ती मडकी मंतरलेली आहेत, कुणाच्या हातून फुटत नाहीत. तीन मुलखांनी जिला जाणती म्हटलं, पण स्वतःच्या नगरात जी अजून पोर आहे, तिच्याच हातून फुटतील. एक फुटलं की सगळी फुटतील. चल, मी वाट दाखवते."

पुढे टिटवी, मागे सुवेळा. पहिला मुलूख डोंगराचा. तिथे मूल स्वतः वळलेल्या दोरावरून कडा उतरे आणि मधाचं पोळं आणी, तेव्हा ते जाणतं ठरे. सुवेळेने रागारागाने दोर वळला. तिथल्या एका म्हातारीने तो ओढून पाहिला, तर तुटला. "राग सगळा एकाच पिळात घातलास," म्हातारी म्हणाली. "पिळापिळात वाटून घाल." सुवेळेने दोर पुन्हा वळला आणि ती कडा उतरून मध घेऊन आली. म्हातारीने तो दोर तिच्या कमरेला बांधला.

दुसरा मुलूख खाडीचा. तिथे मूल भरतीच्या तोंडावर एकटंच होडी पलीकडे नेई. लाटेने सुवेळेला विचारलं, "मागे फिरतेस का?" सुवेळा म्हणाली, "माझ्या बहिणीची सुटका मागे नाही, पुढे आहे." लाट बाजूला झाली. कोळ्यांनी तिच्या हाती वल्हं दिलं.

तिसरा मुलूख रानाचा. तिथली रीत सगळ्यांत अवघड. मुलाने भर सभेत उभं राहायचं, वडीलधाऱ्यांनी केलेला अन्याय त्यांच्या तोंडावर सांगायचा, आणि वडीलधाऱ्यांनी पागोटं काढून, उभ्याने तो ऐकायचा. रानाचा नायक म्हणाला, "तू परकी. तुझा आम्ही काय अन्याय केला?"

सुवेळेने सभेभोवतीची झाडं पाहिली. फांदीफांदीवर लाख चढली होती.

"आमच्या मडक्यांना लाख कोण देतं, नायक?"

"आम्हीच," नायक म्हणाला.

"ती कशाला लागते हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी दिलीत. तुमच्या पोरांना बोलायला शिकवलंत आणि आमच्या आईबापांची तोंडं बंद केलीत!"

नायकाने पागोटं काढलं. "खरं आहे. आज तू जाणती झालीस. आजपासून लाख बंद."

पौर्णिमेला सुवेळा राजवाड्यात आली आणि मुकाट पाटावर बसली. तिकडे तळ्यावर भिंत हेमलेच्या छातीपर्यंत चढली होती. कालदंडाने मडकं पुढे केलं. बापाच्या हातचं, जाड काठाचं.

"फुंक."

"फुंकणार नाही," सुवेळा म्हणाली. "हा माझा राग आहे. मला लागतो." आणि तिने मडक्यावर वल्हं हाणलं.

मडकं फुटलं. तळघरातली सगळी मडकी फुटली. ज्याचा राग त्याच्याकडे परत गेला. कालदंडाने एवढा राग कधी पाहिला नव्हता. तो जागच्या जागी राख झाला.

तळ्यावर आई हेमलेच्या केसांत फूल माळत होती. तिने फूल फेकलं आणि अशी किंकाळी फोडली, की गवंड्यांच्या हातच्या थाप्या गळून पडल्या. म्हाळोजीने नखांनी विटा उपसल्या. हेमला बाहेर आली ती बळी पाहायला आलेल्या राजासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मला मरायचं नव्हतं." राजा ओरडला, "शिपाई, धरा हिला!" पण शिपायांचाही राग परत आला होता. त्यांनी राजाचा मुकुट उतरवून त्याच्या डोक्यावर मातीची पाटी दिली. खणलेली माती त्याला स्वतःच परत खड्ड्यात भरावी लागली. टिटवीने त्या मातीवर नवी अंडी घातली.

लोकांची शेतं लोकांना मिळाली. निववण मोडली, आणि नगराने मोठं होण्याची रानाची रीत घेतली. पहिला मान सुवेळेचा. चौकात सगळं नगर जमलं. लोकांना वाटलं, ती राजाचं नाव घेईल.

सुवेळा म्हणाली, "बाबा, ताईला मारणार होते, तेव्हा तुम्ही साखर वाटलीत."

कुणीतरी म्हणालं, "अगं, तो निवलेला होता. त्याचा काय दोष?"

"होता. पण ती मडकी कुणी घडवली? काही झिरपू नये म्हणून काठ जाड कुणी केले?"

म्हाळोजी पुढे आला. त्याने पागोटं काढून हातात धरलं आणि लेकीचं बोलणं संपेपर्यंत तो उभा राहिला. तिला बरंच बोलायचं होतं.