घुशीने वाहिलेली जिवंत माती

एका डोंगराच्या उतारावर एक घूस राहत असे. ती काही देखणी नव्हती, आणि माती उकरण्यापलीकडे तिला फारसं काही येतही नव्हतं. पण एकदा हाती घेतलेलं काम अर्ध्यावर सोडणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिच्या बिळापासून थोडं खाली, करवंदीच्या जाळीत एक सशीण पिल्लं घेऊन राहायची. दोघींचं जाणं-येणं होतं.

त्या वर्षी चैत्रात डोंगराला वणवा लागला. तीन दिवस उतार धुमसत होता. झाडं गेली, गवत गेलं, आणि श्रावणातल्या मोठ्या पावसात उताराचा निम्मा भाग चिखल होऊन खाली आला. सशिणीची दोन पिल्लं त्या चिखलाखाली गेली.

पाऊस ओसरल्यावर सगळी जनावरं ओढ्याकाठी जमली. कोल्ह्याने सांगितलं की दोष कुणाचा ते उघड आहे. घुशीने वर्षानुवर्षं डोंगर पोखरला, म्हणून तो ढासळला. कावळ्याने मान डोलावली. रानडुकरालाही ते पटलं. घुशीने हे रान सोडून जावं, असं ठरत आलं. घूस मात्र एकट्या सशिणीकडे पाहत होती. सशिणीने तोंड फिरवलं. कोल्ह्याच्या बोलण्यापेक्षा घुशीला ते जास्त लागलं. आपल्या बिळांमुळेच हे झालं की काय, हे खरं तर तिलाही ठाऊक नव्हतं.

“मला पुढच्या पावसाळ्यापर्यंत राहू द्या,” ती म्हणाली. “या उतारावर मी झाडं उभी करीन. पुन्हा माती खाली आली, तर मी आपणहून निघून जाईन.”

कोल्ह्याला हसू आलं, पण मुदत द्यायला त्याची हरकत नव्हती.

घुशीने दुसऱ्या दिवसापासून कामाला सुरुवात केली. पांगाऱ्याच्या आणि करंजाच्या बिया गोळा केल्या, गवताचं बी वेचलं आणि उघड्या मुरमाड उतारावर ओळीने खड्डे करून सगळं पेरलं. कोंब आले तेव्हा ती हरखली. पण रोपं वीतभर झाली आणि तिथेच थांबली. पानं पिवळी पडली. तिला वाटलं, पाणी कमी पडतंय. मग ती ओढ्यात बुडी मारायची, तशीच निथळत चढून यायची आणि एकेका रोपाशी अंग झाडायची. दिवसातून वीस-वीस खेपा झाल्या, तरी रोपं पिवळीच.

कावळा वरून सगळं बघत होता. बी चांगलं, पाणी भरपूर, तेव्हा घुशीचा हातच वाईट, असं त्याने रानभर सांगितलं.

घुशीने एक मेलेलं रोप उपटून पाहिलं. मूळ अगदी उघडं होतं, धुतलेल्या दोरीसारखं. तेच रोप तोंडात धरून ती ओढ्यापलीकडे गेली. तिकडचं जुनं रान वणव्यातून वाचलं होतं. तिथे एका पांगाऱ्याखाली तिने पालापाचोळा बाजूला केला आणि मुळापर्यंत उकरलं. या मुळाला मोहरीएवढ्या गाठी होत्या, आणि भोवतीच्या काळ्या मातीत कोळ्याच्या जाळ्याहून बारीक पांढरे धागे पसरले होते. गाठी म्हणजे कीड असणार, असं वाटून ती त्या कुरतडायला निघाली.

“थांब बाई,” मातीतून आवाज आला. एक म्हातारं गांडूळ अर्धं बाहेर आलं होतं. “त्या गाठींत या झाडाचे सोबती राहतात.”

घुशीला तिथे कुणीच दिसेना. तेव्हा गांडुळाने तिला सगळं समजावून सांगितलं. मुलांनो, ज्यांना आपण सूक्ष्मजीव म्हणतो, त्यांच्याबद्दल ते बोलत होतं. ते इतके लहान असतात की चिमूटभर मातीत त्यांची अख्खी वस्ती मावते. गाठींतले जीव हवेतून झाडासाठी खत तयार करतात. ते पांढरे धागे बुरशीचे. मुळांचा हात पोचत नाही तिथून ते पाणी आणि क्षार आणून देतात आणि मातीचे कणही एकमेकांना धरून ठेवतात. त्या बदल्यात झाड पानांत बनवलेली साखर मुळांवाटे त्यांना पोचवतं.

“तुमच्या उतारावरची माती वणव्यात भाजून निघाली,” गांडूळ म्हणालं. “हे जीव मेले, मुळं मेली. मग मातीला धरून ठेवायला कोण उरलं?”

घुशीने विचारलं, “म्हणजे डोंगर माझ्यामुळे नाही ढासळला?”

“तुझी बिळं आधीही होतीच की.”

तिच्या मनावरचं ओझं थोडं हलकं झालं. पण ही गोष्ट कोल्ह्याला जाऊन सांगावी, असं काही तिच्या मनात आलं नाही. सांगून उतार थोडाच हिरवा होणार होता. तिने तिथली काळी माती तोंडात मावेल तेवढी भरली आणि ओढा ओलांडला.

भर दुपारी तिने ती माती रोपांभोवती पसरली. असं आठ दिवस केलं, आणि काहीही फरक पडला नाही. माती उन्हात वाळून राखेसारखी भुरभुरीत झाली. ती पुन्हा गांडुळाकडे गेली. उन्हात उघडे पडले तर हे जीव तग धरत नाहीत, त्यांना ओल लागते आणि डोक्यावर पांघरूण लागतं, असं त्याने सांगितलं. म्हणजे आठ दिवसांच्या खेपा वाया गेल्या होत्या. घुशीच्या जिभेला खडे टोचून जखमा झाल्या होत्या. तिने ओढ्यावर चूळ भरली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

आता ती उजाडायच्या आत निघायची. ओलसर माती आणायची, रोपाच्या मुळाशी उकरून आत भरायची, वर पाचोळा घालायची आणि ऊन चढायच्या आत परतायची. एका पहाटे पाच-सहा रोपं, कधी तीनच. कार्तिक संपत आला तेव्हा पहिल्या ओळीतल्या एका पांगाऱ्याला नवं पान फुटलं, आणि ते हिरवंगार होतं. घूस बराच वेळ त्याच्यापाशी बसून राहिली.

माघात एके दिवशी ती माती घेऊन आली, तर पुढच्या ओळीतल्या रोपांवर पाचोळा आधीच घातलेला होता. उताराच्या टोकाला सशीण तोंडात पानं धरून उभी होती. घूस तिच्याकडे बघत राहिली. सशिणीने पानं खाली ठेवली.

“माझी पिल्लं इथेच आहेत,” ती म्हणाली. “त्यांच्यावर सावली हवी.”

त्या दिवसापासून दोघी मिळून काम करू लागल्या. उन्हाळ्यात काही रोपं जळाली. त्या जागी त्यांनी नवं बी लावलं, आणि प्रत्येक बीबरोबर मूठभर जिवंत माती घातली.

आषाढात पाऊस सुरू झाला आणि नऊ दिवस थांबला नाही. जनावरं पलीकडच्या टेकाडावर जाऊन बसली. दहाव्या दिवशी धुकं विरलं, तेव्हा सगळ्यांनी उताराकडे पाहिलं. वरच्या कडेचा एक पट्टा घसरला होता. तिथवर घुशीच्या खेपा पोचल्याच नव्हत्या. पण तो चिखल खाली येऊन रोपांच्या आणि गवताच्या पहिल्या ओळीशी अडला होता. तिथून खाली मातीचा कणही हलला नव्हता.

कोल्हा उतारावर हिंडून आला. पंजाने त्याने एका रोपाजवळची माती ओढून पाहिली, ती सुटेना. बिळं अजूनही तिथेच असून माती टिकली, म्हणजे मागच्या वर्षी आपण बोललो ते चुकलं, असं त्याने सगळ्यांसमोर कबूल केलं आणि घुशीने आता इथेच सुखाने राहावं, असं सांगितलं.

“वरचा पट्टा राहिलाय,” घूस म्हणाली. ती ओढ्याकडे वळली. सशीण तिच्यामागे निघाली, मग रानडुक्कर, आणि थोड्या वेळाने कोल्हाही.

तात्पर्य : झाड जेवढं वर दिसतं, त्याहून मोठा त्याचा आधार मातीत असतो; न दिसणाऱ्या लहान जिवांना जो चिकाटीने जपतो, त्याच्याच हातून उजाड जमीन पुन्हा हिरवी होते.