निवृत्ती राजकारणात उतरतो

खडकओहोळ गावात एक भोळा विद्यार्थी राहत होता. तसे परीक्षेच्या हॉलमध्ये सगळेच भोळे असतात, पण हा बाहेर आल्यावरही भोळाच असायचा. त्याचं नाव निवृत्ती. ऐकलं ते तसंच्या तसं करायचं, एवढीच त्याची हुशारी. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला त्याचा मुक्काम लांबला होता, तो त्यामुळेच. पेपरात असायचं, 'कोणतेही तीन प्रश्न लिहा.' हा प्रश्न लिहून यायचा. उत्तरं कुणी मागितलीच नव्हती.

त्याची धाकटी बहीण प्रणाली मात्र शहाणी. ती पहिल्या वर्षाला, सायन्सला. दोघं तालुक्याच्या कॉलेजात बसने जात. मग एक दिवस परतीची पाचची बस बंद झाली. का, ते कुणी सांगितलं नाही. पोरी उसातल्या वाटेने, जीव मुठीत धरून घरी यायला लागल्या. वडील म्हणाले, "दिवाळीपर्यंत गाडी सुरू झाली तर ठीक. नाहीतर प्रणे, तुझं कॉलेज बंद." प्रणाली जेवली नाही. निवृत्तीलाही घास गेला नाही.

त्याच आठवड्यात कॉलेजात आबासाहेबांचं भाषण होतं. आबासाहेब म्हणजे कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष, पक्षाचे पुढारी, आणि तालुक्यात काय होऊ द्यायचं नाही ते ठरवणारे. ते गरजले, "तरुणांनो, प्रश्न सुटावेत असं वाटतं ना? मग काठावर उभे राहू नका. राजकारणात उतरा! उतरा!"

निवृत्ती उठला. स्टेजवर चढला. आबासाहेबांच्या शेजारून चालत गेला आणि पलीकडून धपकन खाली उतरला. मग पुन्हा चढला.

"काय चाललंय हे?" राज्यशास्त्राचे गायधनी सर ओरडले.

"उतरतोय, सर."

"मग चढतोस कशाला?"

"चढल्याशिवाय उतरू कसा?"

सरांनी कपाळाला हात लावला. "अरे, उतरायचं म्हणजे पक्षाचं काम करायचं. तेही अगदी खालून. आधी सतरंज्या उचलायच्या."

"बरं, सर. आता चुकायचं नाही."

दुसऱ्या दिवशी पक्षाची सभा होती. निवृत्ती पोचला तेव्हा भाषण रंगात आलं होतं आणि सतरंजीवर अख्खं गाव बसलं होतं. त्याने एक टोक धरलं आणि ओढलं. पहिली रांग दुसरीवर गेली, दुसरी चहावाल्यावर. एक आजोबा सतरंजीत गुंडाळले गेले आणि आतून विचारायला लागले, "संपली का रे सभा?"

आबासाहेबांचा खास माणूस रंगनाथ धावत आला. "माठ्या! सतरंजी आत्ता उचलतात का? लोक उठून जाऊ देत, मैदान मोकळं होऊ दे, मग काम करायचं!"

"बरं, रंगनाथभाऊ. आता चुकायचं नाही."

पुढच्या सभेत रंगनाथने त्याला घोषणा द्यायचं काम दिलं. काम सोपं, पोराची छाती भरदार. आबासाहेब आले, बोलले, टाळ्या घेतल्या. निवृत्ती गप्प. आबासाहेब गाडीत बसून गेले. लोक गेले. मांडववाला खुर्च्या एकात एक घालायला लागला. मैदान मोकळं झालं. तेव्हा निवृत्तीने छाती भरून आरोळी ठोकली, "आबासाहेब, आगे बढो! हम तुम्हारे साथ हैं!" मांडववाल्याच्या हातातून खुर्च्यांची चळत सुटली. एका कुत्र्याने उत्तर दिलं.

रंगनाथला हे कळलं तेव्हा ओरडून ओरडून त्याचा आवाज बसला. "अरे, रिकाम्या मैदानाला काय सांगतोस? आबासाहेब दिसले रे दिसले की ओरडायचं! जागा बघायची नाही, वेळ बघायची नाही!"

"बरं, भाऊ. आता चुकायचं नाही."

दोन दिवसांनी पक्षाचे जुने कार्यकर्ते वसंतअण्णा वारले. तिरडीमागे आबासाहेब चालत होते, पडलेल्या चेहऱ्याने, खांद्यावर पांढरा टॉवेल. समोर स्मशानाचं फाटक. निवृत्तीला आबासाहेब दिसले.

"आबासाहेब, आगे बढो! हम तुम्हारे साथ हैं!"

खांदेकरी दचकून पळायलाच लागले. आबासाहेब जागच्या जागी थांबले. पुढे जावं की नाही, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कळेना.

रंगनाथने निवृत्तीला बाभळीमागे ओढलं. "गाढवा! अशा वेळी मान खाली घालायची. डोळ्यांना रुमाल लावायचा. म्हणायचं, 'फार वाईट झालं. तालुक्याची कधी भरून न येणारी हानी झाली.' एवढं येईल?"

"येईल, भाऊ. आता चुकायचं नाही."

मग जिल्हा परिषदेची निवडणूक लागली आणि आबासाहेबांना तिकीट मिळालं. चौकात गुलाल, पेढे, डीजे. रंगनाथ गर्दीत खूश होता, त्या भरात त्याने माइक निवृत्तीच्या हातात दिला. "युवा कार्यकर्ता आता दोन शब्द बोलेल!"

निवृत्तीने मान खाली घातली. रुमाल काढला. "आबासाहेबांना तिकीट मिळालं. फार वाईट झालं. तालुक्याची कधी भरून न येणारी हानी झाली."

डीजे बंद पडला. कुणाच्या तरी तोंडातला पेढा तसाच राहिला. मग मागून टाळी आली. मागे कॉलेजची पोरं उभी होती, पाचची बस बंद झालेली. "एवढं खरं आजवर कुणी बोललंच नाही!" म्हणत त्यांनी निवृत्तीला खांद्यावर घेतलं. "निवृत्ती, तूच उभा राहा!"

"खाली ठेवा, मग राहतो," निवृत्ती म्हणाला.

उभं राहायचं म्हणजे काय, ते प्रणालीने समजावलं आणि त्याचा अर्ज भरून घेतला. दुसऱ्या वर्षाच्या मुक्कामात त्याची एकवीस वर्षं कधीच पूर्ण झाली होती.

आबासाहेबांनी आधी हसून घेतलं. मग त्यांना कळलं, की तालुक्यातलं प्रत्येक तरुण मत या येड्याकडे चाललंय. अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी, दुपारी, त्यांनी त्याला बंगल्यावर बोलावून घेतलं. मुदत तीनपर्यंत होती.

"कोण आहे?" आबासाहेबांनी आतून विचारलं.

"निवृत्ती, साहेब."

आबासाहेब दचकले. त्या घरात तो शब्द कुणी काढत नसे. मग सावरून म्हणाले, "ये ये. सरळच सांगतो. पुढच्या खेपेला तुला मीच उभा करीन. या वेळी तू बस."

निवृत्तीचे डोळे भरून आले. त्याने तर अजून काही मागितलंही नव्हतं. "बस? खरंच, साहेब?"

"खरंच म्हणजे? तीनच्या आत बस."

"तीनला नको, साहेब. पोरी पाचला सुटतात."

आबासाहेबांनी रंगनाथकडे पाहिलं. रंगनाथने खांदे उडवले. आबासाहेब म्हणाले, "पोरींचं राहू दे रे. तू बस, म्हणजे झालं."

"मी एकट्याने बसून काय उपयोग? सगळे बसले पाहिजेत."

आबासाहेब खुलले. "सगळे बसतील? बाकीचे अपक्षसुद्धा?"

"कुणाचा पक्ष काय बघायचा, साहेब! ज्याला ज्याला घरी जायचंय तो बसेल."

"वा! मग ठरलं. बस!"

"बाहेर सांगू?"

"सांग की! चांगलं ओरडून सांग!"

बाहेर व्हरांड्यासमोर कार्यकर्ते होते, पत्रकार होते, एसटी डेपोचे मॅनेजर हार घेऊन आले होते. भावाला बोलावलंय म्हणून घाबरलेली प्रणाली तास बुडवून कॉलेजच्या पोरींना घेऊन फाटकाशी उभी होती.

"प्रणे!" निवृत्ती ओरडला. "साहेबांनी बस दिली! पाचची!"

कुणाला काही कळेना. प्रणालीला मात्र सगळं कळलं. तिने आधी टाळ्या वाजवल्या. मग पोरींनी, मग पत्रकारांनी, मग कार्यकर्त्यांनीसुद्धा, कारण टाळ्या सुरू झाल्या की त्यांचे हात थांबत नसत. मॅनेजर घाईघाईने म्हणाले, "साहेबांचा शब्द! उद्यापासून सोडतो!"

"मी मागितलीसुद्धा नव्हती!" निवृत्ती सांगतच होता. "मी आत गेलो, आणि साहेब स्वतःहून म्हणाले, या वेळी तू बस! वर म्हणाले, तीनच्या आत बस! ती घाई कशाची, ते मला अजून कळलं नाही!"

पत्रकारांना कळलं. ते पोट धरून हसायला लागले. आत दिवाणखान्यात घड्याळाने तीनचे ठोके दिले.

लालबुंद आबासाहेब अनवाणी धावत बाहेर आले. दोन्ही हात वर करून ओरडले, "बस! बस झालं! बस!"

निवृत्तीने बोटांवर मोजलं. मग गर्दीकडे वळला. "ऐकलंत का लोकहो? तीन! साहेब अजून तीन देतायत!"

"तीन?" मॅनेजर चाचरले. "लिहून घेऊ, साहेब?"

आबासाहेबांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं. आणखी एखादी सुटायला नको म्हणून.