वीस पावलांचा दोर

पूर्वी वेत्रनगरात महीपाल राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व दोर वळणाऱ्याच्या घरी जन्माला आले होते. राजवाड्याला दोर पुरवण्याचा मान त्यांच्याकडे होता. पत्नी सुलसा बसून अंबाडीचे तंतू पुरवी, आणि बोधिसत्त्व फिरकी फिरवीत एकेक पाऊल मागे जात. असे तीन पेड झाले की त्यांचा एक दोर. मागे चालणाऱ्याला वाट दिसत नाही, हातातला पेड दिसतो. त्याने तेवढाच पाहावा.

एकदा राजवाड्याच्या बारा पुरुष खोल विहिरीत दरड कोसळली. दगड काढायला पिंगल नावाचा माणूस उतरणार होता. त्याच्यासाठी दोर वळणे चालू असताना कारभारी भद्रसेन तिथे आला आणि म्हणाला, "जग पुढे चाललंय. तुमची जात मात्र जन्मभर मागेच चालणार."

बोधिसत्त्व फिरकी फिरवीत मागे जात राहिले. दोर पुरा झाला.

सकाळी विहिरीवर पिंगलने तो कमरेला बांधला. सहज विचारले, "दोर चांगला आहे ना, दादा?"

रोज विचारतात तसेच विचारले होते. पण बोधिसत्त्वांच्या तोंडून होकार निघेना.

"सोड तो," ते म्हणाले. "काल शेवटच्या पेडाची वीस पावलं माझे पाय चालले, पण मी तिथे नव्हतो. कारभाऱ्यांना काय उत्तर द्यावं, ते मनात जुळवत होतो. दुसरा वळून देतो. उद्यापर्यंत थांब."

सुलसा कुजबुजली, "तुमच्या मनात काय होतं ते दोर सांगणार आहे का? गप्प बसा ना."

भद्रसेनने तो भाग चार गड्यांकडून ताणून घेतला. दोर तुटला नाही.

"पाहिलंस? धडधाकट दोर," तो म्हणाला. "आज काम झालं नाही तर तुझा मान गेला."

"गेला तर गेला. आत माणूस जायचा आहे."

भद्रसेनने दुसऱ्याकडचा दोर आणवला. पिंगल हलला नाही.

"ज्याला आपली वीस पावलं आठवतात, त्याच्याच दोरावर मी उतरेन," तो म्हणाला. "घाई असेल तर कारभारी, तुम्ही उतरा."

भद्रसेनने विहिरीत डोकावून पाहिले आणि एक दिवस थांबायचे कबूल केले.

बोधिसत्त्वांनी पुन्हा अंबाडी घेतली. भद्रसेन मुद्दाम समोर येऊन उभा राहिला. त्यांच्या मनात राग आला. तो आला हे त्यांनी पाहिले, आणि नजर पुन्हा पेडावर आणली. या माणसालाही रात्री झोप लागो, एवढे मनाशी म्हणून त्यांनी पुढचे पाऊल मागे टाकले. डोळे मिटल्याशिवाय ध्यान होत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी हे पाऊल नीट पाहावे.

दुसऱ्या दिवशी पिंगल उतरला आणि दगड काढून वर आला. मान दुसऱ्याच्या घरी गेला. सुलसा दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तंतू घेऊन बसली.

पाणी भरण्यातच दिवस जातो, ध्यान कधी करू, असे विचारणाऱ्या एका भिक्खूला शास्त्यांनी, म्हणजे त्याच्या गुरूंनी, ही कथा सांगितली. शेवटी ते म्हणाले, "तेव्हाचा भद्रसेन आज देवदत्त आहे, सुलसा राहुलमाता आहे, पिंगल आनंद आहे, आणि दोर वळणारा मी होतो."

भिक्खूने घागर उचलली. काम हातात असताना मनही तिथेच ठेवणे ही सम्यक स्मृती; आणि त्या कामावर ज्याचा जीव टांगलेला आहे त्याला न विसरणे, ही मैत्री.