ओवी आणि घाण्याचा बैल

"पोवळ्या उलटा चालतो रे. या डोळ्यांनी बघितलंय मी. बाधा झालीय त्याला. उद्या बाजारात नेऊन विक."

"पण आबा, तेल तर निघतंय की!"

"तेच तर! उलट्या बैलाचं तेल घेईल कोण? आणि हे नव्या सुनेला कळू देऊ नकोस. घाबरेल ती."

रखमाजी तेली मुलाच्या, नागूच्या, कानाशी लागून बोलत होता. नवी सून केसर दाराआडच तीळ पाखडत होती. तिने सगळं ऐकलं. ती घाबरली नाही, तिला नवलच वाटलं. तिला तर पोवळ्या दिवसभर सरळ चालताना दिसे. आणि घरातला एकुलता बैल विकला, तर घाणा ओढणार कोण?

रखमाजी पूर्वी बैलावरची नजर हलू देत नसे. या श्रावणात त्याने घाण्याजवळ बसून पोथीचं पारायण धरलं. ओवी पुरी झाल्याशिवाय मान वर करायची नाही, असा नेम. म्हणून ओवी संपली की तो बैलाकडे एक नजर टाकी आणि पुन्हा पोथीत शिरे.

केसरनेही तसंच करून बघितलं. सासरे ओवी म्हणत तोवर डोळे मिटले, संपताच उघडले. पोवळ्या खांबापाशी होता. पुढच्या ओवीला खांबाच्या जरा मागे. त्यापुढच्या ओवीला आणखी मागे. खरंच की, बैल उलटाच! तिने तोंडाला पदर लावला. मग डोळे उघडे ठेवून बघितलं. बैलाचा फेरा पुरा व्हायच्या थोडं आधीच ओवी संपत होती, म्हणून दर नजरेला तो आधीपेक्षा जरा मागे दिसे.

सकाळी नागूने कासरा हातात घेतला, तेव्हा ती त्याला हळूच म्हणाली, "न्यायच्या आधी एकदा जुंपा. मामंजींची पोथी बांधून झाल्यावर."

नागूने बैल जुंपला. रखमाजी रिकाम्या हातांनी बघत बसला. पोवळ्या खांबापासून निघाला आणि घाण्याला वळसा घालून, सरळ चालत, पुन्हा खांबापाशी आला.

"आबा, बाधा कुणाला झालीय म्हणालात?" नागूला हसू आवरेना.

पोथीतून अधूनमधून बघितल्यानेच बैल उलटा दिसला, हे कळून रखमाजी ओशाळला. "बैल राहू दे बाबा. पण मी आता करू काय? पोथी सोडू, की बैलावरचं लक्ष सोडू?"

तेव्हा केसर दारातून पुढे आली. "काहीच सोडू नका, मामंजी. मधलं मी बघते. ओवी संपली की पोवळ्या कुठून कुठे फिरून आला ते सांगते. तुम्ही नुसतं 'हं' म्हणा."

तात्पर्य: ज्याला अधूनमधूनच बघता येतं, त्याने मधे काय घडलं ते आधी विचारावं, नाहीतर सरळ चालणाराही उलटा दिसतो.