मध्यस्थाचा शब्द

खूप खूप जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव आता कुणाला आठवत नाही. तिथे एक कोतवाल होता. धिप्पाड गडी, मिशा पिळदार, हाताखाली चाळीस शिपाई. आणि तिथेच एक म्हातारा मध्यस्थ होता. अगदीच काटकुळा. सगळे त्याला काका म्हणायचे.

कुणी रागाच्या भरात दुसऱ्याला कोंडून ठेवलं, गळ्याला कोयता लावून बसलं, की राजा या मध्यस्थाला धाडायचा. काका जायचे अनवाणी, रिकाम्या हातांनी. दाराबाहेर जमिनीवर बसायचे आणि बोलायचे. खरं तर बोलायचे कमी, ऐकायचेच जास्त. पाणी आणतो म्हणाले तर पाणीच आणायचे. जे देता येणार नाही, ते कधी कबूल करायचे नाहीत. माणसं सुखरूप सुटायची आणि गाव काकांच्या पाया पडायचं.

कोतवालाचा नुसता जळफळाट व्हायचा. "भाले घेऊन उन्हात आम्ही तापायचं, आणि बसल्या बसल्या गप्पा मारणाऱ्याच्या गळ्यात हार!" घरी बायकोनं काकांचं कौतुक केलं, तर त्या दिवशी त्याला जेवण गोड लागत नसे.

एकदा काय झालं, एका सरदारानं एका विणकराचा माग ओढून नेला. चिडलेल्या विणकरानं सरदाराच्या कारभाऱ्याला कोठारात कोंडलं. काका सकाळपासून दाराशी बसले. दुपारी म्हणाले, "बाबा, तुझं गाऱ्हाणं राजाच्या कानावर घालतो. माग मिळेलच असं म्हणत नाही, ते माझ्या हातात नाही. मी येईपर्यंत त्याला काही करू नकोस."

विणकरानं मान्य केलं. काका राजवाड्याकडे निघाले.

ते राजवाड्यात पोचले असतील एवढा वेळ गेल्यावर कोतवाल दाराशी गेला. "अरे, काकांचा निरोप आलाय! राजानं माफ केलं, मागही परत दिला. ये बाहेर!"

बिचारा विणकर हात जोडून बाहेर आला. शिपायांनी त्याला आडवा पाडला, बांधला आणि तुरुंगात टाकला. त्या दिवशी हार कोतवालाच्या गळ्यात पडला.

काका परतले. सगळं कळताच त्यांचा चेहरा उतरला. "शब्द माझा होता रे. मोडलास तू. आता माझं कोण ऐकणार?"

"का हो काका, पोटात दुखतंय वाटतं?" कोतवाल हसला.

पोटात कुणाच्या दुखत होतं, ते तुम्हाला ठाऊक आहेच!

विणकराची बायको गावभर सांगत सुटली, "त्या म्हाताऱ्यानं माझ्या नवऱ्याला फसवलं!" हे ऐकून कोतवालाला केवढा आनंद झाला म्हणता! तो लगबगीनं एकटाच तिच्या घरी गेला. "बाई, हेच दरबारात सांग. नवऱ्याची शिक्षा कमी करवतो."

"तुम्ही सगळे एकाच माळेचे मणी!" ती कडाडली, आणि तिनं त्याला मागे ढकललं. मागे होतं पेव, धान्य साठवायचा खोल खड्डा. कोतवाल धप्पकन आत पडला. वर पाहतो तर बाई काठावर भलामोठा दगड उचलून उभी!

आरडाओरडा ऐकून शिपाई धावले, पण दगडापुढे भाले काय करणार? शेवटी काकांना बोलावलं. ते दाराबाहेर जमिनीवर बसले.

"बाई, दगड खाली ठेव. तुला कुणी हात लावणार नाही."

"माझ्या नवऱ्यालाही असंच फसवलंत! तुमच्यावर कोण विश्वास ठेवणार?"

काकांनी ते ऐकून घेतलं. कोतवालाला आतून सगळं ऐकू येत होतं. लबाडी कुणाची, हे काकांनी एका वाक्यात सांगितलं असतं, तर त्यांचं नाव धुऊन निघालं असतं. पण संतापून तिनं दगड कोतवालावर टाकला असता. म्हणून म्हातारा शिव्या खात बसला होता. त्या खड्ड्यातही कोतवालाच्या मनात आलं, 'मेला, आत्ताही हाच मोठा ठरणार!' मग त्याला स्वतःचीच शरम वाटली.

जड दगड बाईच्या हातून निसटू लागला. आता काकांवर तिचा विश्वास बसला, तरच जीव वाचणार होता.

"बाई," कोतवाल ओरडला, "तो निरोप काकांचा नव्हता! माझा होता! मी त्यांच्यावर जळत होतो. त्यांनी आजवर कुणाला फसवलेलं नाही!"

 बाईनं दाराकडे पाहिलं. "काका, माझा नवरा सुटेल?"

"ते मी सांगू शकत नाही," काका म्हणाले. "राजापुढे तुझ्या शेजारी उभा राहीन, एवढं नक्की."

इतकं मोजकं बोलणारा माणूस फसवणार नाही, हे तिला पटलं. तिनं दगड बाजूला ठेवला.

काका तिच्या शेजारी उभे राहिले. राजानं सगळं ऐकून घेतलं, विणकराला सोडलं, माग परत देववला. कोतवालाचं पद मात्र गेलं. त्याच्याकडे उरला एक जीव, आणि तोही काकांच्या शब्दामुळे वाचलेला.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: मत्सरापोटी दुसऱ्याचा शब्द खोटा पाडणारा स्वतःचाच आधार तोडत असतो.