बिळाचं मागचं तोंड

बांधावर माणसाची कुदळ पडायच्या कितीतरी आधीची गोष्ट. तिथे सगळ्यांची बिळं एक म्हातारी घूस खणून द्यायची. तिची एक रीत होती. बिळाचं मागचं तोंड ती उघडंच सोडायची. येणाऱ्याजाणाऱ्याने नाव न सांगता आत यावं, दाणा न्यावा, दाणा ठेवावा.

पोटुशी उंदरीण नव्या बिळात आली तेव्हा तिने विचारलं, "मावशी, काही करायचं राहिलंय का?"

"काही नाही गं, सगळं तयार आहे. खुशाल राहा."

ती राहिली. मागेही एक तोंड आहे, हे तिच्या गावीही नव्हतं. तिला आठ पिल्लं झाली. एका दुपारी ती ओंब्या आणायला गेली आणि नाव न सांगता साप आत आला. ती परतली तेव्हा बीळ रिकामं होतं.

घूस म्हणाली, "मागचं तोंड तू बुजवायचं होतंस. मूठभर मातीचं तर काम!"

"मूठभरच होतं, तर खणतानाच का नाही बुजवलंस? ज्याला हवं त्याने उकरलं असतं."

घुशीच्या स्वतःच्या बिळाचं मागचं तोंड मात्र चांगलं लिंपलेलं होतं.

तेव्हापासून घुशीने बीळ खणलं की उंदरीण मागून जाऊन ते तोंड बुजवायची. "आमचं दार बंद करणारी तू कोण गं भवाने?" म्हणून बिळातल्या आया तिच्यावर खेकसायच्या. ती मूठभर माती थापतच राहायची. त्यांच्या पाठीमागे पिल्लांचा नुसता कलकलाट चाललेला असायचा.